उन्हाळी कामं: वाळवण, मसाले आणि वर्षाचं धान्य (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

होळी जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याची भाची, लातूरची जाऊ, गल्लीत नवी आलेली सून, सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवलं. आम्ही अंबाजोगाईचे, त्यामुळे सगळे दिवस इथल्या उन्हाच्या हिशेबाने दिलेत. मुंबई-कोकणातल्यांनी प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दिवस वाढवून धरावेत.

सुरुवात कधी करायची? कुठलं काम आधी?

चिंच आणि हळद माघ-फाल्गुनातच उरकून घ्या. होळीनंतर उडदाचे पापड आणि तिखट. मग चैत्रात कुरडया, खारोड्या, सांडगे. काळा मसाला एप्रिलअखेर, आणि सगळ्यात शेवटी वर्षाचं धान्य आणि डाळी. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, सगळे डबे बंद झालेले असावेत.

पापड आधी का, असं सगळे विचारतात. मे महिन्याच्या उन्हात पापड लाटतालाटताच कडेने वाळतो, चिरतो आणि वाकडा होतो. त्याला मऊ ऊन लागतं. कुरडईचं उलटं आहे, तिला कडक ऊनच हवं. अवकाळीचा अंदाज मात्र बघूनच चीक, म्हणजे भिजवलेल्या गव्हाचं सत्त्व, काढायला घ्या. गहू तीन दिवस भिजलेला असतो आणि चौथ्या दिवशी आभाळ येतं, तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही.

सगळंच घरी करायला हवं का?

नाही. मी तर आधी विचारते, घरात पाणी किती दिवसांनी येतं?

आपल्याकडे ऊन फुकट आहे, पाणी नाही. ५ किलो गव्हाच्या कुरडया करायच्या तर धुणं, भिजवणं, रोज दोनदा पाणी बदलणं, चीक गाळणं, भांडी धरून आमच्याकडे ६०-७० लिटर पाणी सहज जातं. तेवढ्याच वजनाच्या सांडग्यांना एक-दोन बादल्यांत भागतं. उडदाच्या पापडाला तर पीठ मळण्यापुरतंच पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एकाही घरी कुरडई झाली नाही. पापड, शेवया, सांडगे मात्र झाले. तेव्हापासून मी यादी अशीच करते: आधी कमी पाण्याचे पदार्थ आणि टाकीत पाणी असलं तर शेवटी कुरडई. कुरडईचं निथळून काढलेलं पाणी ओतून देऊ नका, जनावरं आवडीने पितात, नाहीतर झाडांना घाला.

आणि डबे मोकळे आहेत म्हणून करू नका. मागच्या वर्षीचं किती उरलंय ते बघा. आमच्या सासूबाई दर वर्षी १० किलोच्या कुरडया करायच्या, कारण तेव्हा पंगतीला १४ माणसं होती. आता चौघं आहोत, २ किलो पुरतात.

कुरडईचा चीक नक्की कसा काढायचा? सविस्तर सांगा.

गहू चांगला भरलेला घ्या, जुना किडका नको. निवडून, धुऊन, बुडून वर चार बोटं पाणी राहील असा भिजवा. पहिल्या दिवशी एकदा आणि नंतर सकाळ-संध्याकाळ पाणी बदला. आंबूस वास येणारच, पण नाक धरावं लागलं तर पाणी बदलायचं चुकलंय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक दाणा दोन बोटांत दाबा. सालातून पांढरा थेंब टचकन बाहेर आला पाहिजे. नुसता चपटा झाला तर अजून एक रात्र ठेवा.

वाटताना पाणी बेताने घाला. वाटलेलं पीठ मोठ्या भगुल्यात पाण्यात कालवून हाताने पिळून चोथा बाजूला काढा. चोथ्याला परत पाणी घालून आणखी दोनदा पिळा, चीक अजून निघतो. मग सुती कापडातून गाळा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी वर पिवळसर पाणी आणि तळाला पांढराशुभ्र, डांबरासारखा घट्ट थर दिसेल. वरचं पाणी हळूच निथळा. तो थर म्हणजे चीक.

आता मोजायचं. जितकी भांडी चीक, तितकीच भांडी पाणी उकळत ठेवा. त्यात मीठ, हिंग, थोडं तेल. आधी मीठ बेताचंच, कारण वाळल्यावर खारटपणा वाढतो. उकळी फुटली की एकीने धार धरायची, दुसरीने चाटू फिरवायचा. हे एकटीचं काम नाही. आमच्याकडे या वेळी जाऊबाई हातातलं सोडून येतात आणि "कायलेकी, तेवढं हलवायलीस का झोपायलीस?" म्हणून मला ओरडतात. गुठळी झाली तर आच कमी करून चाटूने काठाशी रगडायची. झाकण ठेवून वाफ काढत राहा. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा चकाकायला लागला, ओल्या बोटाला चिकटेना, की झाला.

लहान मुलांना आधी वाटीभर गरम चीक द्या, दूध-साखर घालून किंवा नुसतं तेल-तिखट टाकून. हा भाग टाळता येत नाही.

सोऱ्यात गरमच भरून घाला. गार झाला की दाबताना हात मोडतो आणि कुरडईचे तुकडे पडतात. सकाळी ७ च्या आत गच्चीवर पहिली ओळ पडली पाहिजे. पूर्वी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, बाज टाकून त्यावर लुगडं अंथरायचे. आता प्लॅस्टिक. प्लॅस्टिकवरून सुटी होते, पण खालून हवा मिळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी न विसरता उलटायची. एकूण कडक उन्हाचे तीन दिवस. १ किलो गव्हाच्या साधारण अर्धा किलो वाळलेल्या कुरडया होतात, गव्हावर आणि पिळणाऱ्या हातावर थोडं कमीजास्त.

कुरडई तळताना फुलत नाही, किंवा लाल होते. काय चुकलं?

फुलत नसेल तर चीक कच्चा राहिला. लाल होत असेल तर गहू जास्त आंबला, किंवा वरचं पिवळं पाणी नीट निथळलं नाही. तेल पुरेसं तापलंय का तेही बघा. यंदाच्या कुरडयांना आता इलाज नाही, त्यांची भाजी करा. ती शेवटी सांगितली आहे.

बाजरीच्या खारोड्या कडू लागतात.

बाजरी जुनी दळलेली वापरली असणार. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो, दळल्यावर आठ-दहा दिवसांत पीठ कडवट व्हायला लागतं. खारोडीसाठी बाजरी धुऊन, सुकवून, त्याच दिवशी भरडून आणा. उकळत्या पाण्यात लसूण, हिरवी मिरची, जिरे, तीळ, मीठ घालून घट्ट शिजवा आणि बोराएवढ्या खारोड्या घाला. तळायची गरज नाही. कच्चे शेंगदाणे आणि कांद्याबरोबर खायच्या. पावसाळ्यात संध्याकाळी पोरं परत परत डब्यात हात घालतात, त्यामुळे हा एक पदार्थ मी मोजून करत नाही.

सांडगे कुठल्या डाळीचे?

आपल्याकडे मिश्र. हरभरा, मूग, मटकी, थोडी तूर आणि उडीद. भिजवून पाणी पूर्ण निथळा, रवाळ वाटा, लसूण-मिरची-जिरे-मीठ घाला. पाणी राहिलं तर सांडगा पसरतो. दोन दिवस वरून, मग उलटून एक दिवस. भाजीचे भाव चढले की तेलात परतून काळ्या मसाल्याच्या रश्श्यात शिजवा. उन्हाळ्यातल्या सगळ्या कामांत रोजच्या जेवणाला सर्वात जास्त उपयोगी हेच, असं माझं ठाम मत आहे. कुरडई ताटाची शोभा आहे, सांडगा पोटभर जेवण आहे.

उडदाच्या पापडाचं प्रमाण?

१ किलो उडदाच्या पिठाला ५० ग्रॅम मीठ, ३५ ते ४० ग्रॅम पापडखार, २५ ग्रॅम जाडसर मिरे, १० ग्रॅम हिंग. खार आणि मीठ पाण्यात उकळून, गार करून, त्याच पाण्याने घट्ट पीठ भिजवायचं. मग तेलाचा हात लावून कुटायचं, लाटी ओढली की तुटण्याआधी लांबली पाहिजे. लाटल्यावर सावलीत पंख्याखाली, आणि शेवटी अर्धा तास सकाळचं ऊन. खार जास्त झाला तर पापड लाल पडतो आणि घशाला लागतो. लाट्या मोजून ठेवा, लाटणाऱ्या बायकांच्या पोरांनी किती खाल्ल्या हे मात्र मोजू नका.

शेवया मशीनवरच्या चालतात का?

चालतात. पाटावरच्या हातशेवया करणारी माणसं आता गल्लीत दोनच उरलीत. फक्त मशीनवाल्याकडे रवा-मैदा स्वतःचा घेऊन जा. लग्नाच्या रुखवतासाठी सरगुंडे, मालत्या, गव्हले लागत असतील तर ते हातानेच. काडीवर वळलेला सरगुंडा मशीनमधून येत नाही.

काळा मसाला वर्षभर टिकवायचा तर काय करू?

वर्षाचा एकदम करू नका, हे माझं पहिलं उत्तर. मसाला खराब होतो तो खोबऱ्यामुळे. त्यातलं तेल हवेने खवट होतं. तिखट आणि धने वर्षाचे आणून कडक वाळवून ठेवा. मसाला निम्मा आत्ता आणि निम्मा दिवाळीच्या आधी कांडून आणा.

आमच्या घरचं प्रमाण: १ किलो धने, १ किलो सुकी मिरची, अर्धा किलो खोबरं, पाव किलो तीळ, ५० ग्रॅम खसखस. लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलची, चक्रीफूल, नागकेशर, जावित्री, शहाजिरे, तमालपत्र आणि दगडफूल प्रत्येकी २५ ग्रॅम. हळकुंडं चार-पाच आणि खडा हिंग. मिरची निम्मी बेडगी रंगाला, निम्मी झोंबणारी. नांदेडकडच्यांना धर्माबादची मिरची जवळ आहे, त्यांनी तीच घ्यावी. हळकुंडं वसमतची. त्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याकडे ती त्याच्या कितीतरी आधीपासून येते.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. खोबरं चांगलं काळपट होऊ द्या, मसाल्याला रंग त्यानेच येतो. दगडफूल शेवटी, आच बंद करून नुसत्या गरम कढईत. ते जळलं की अख्खा मसाला कडू. डंकावरून आणलेला मसाला गरम असतो, परातीत पसरून रात्रभर गार करा. बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे. रोजच्या डब्यात महिन्याचा काढून घ्या, मोठी बरणी सारखी उघडायची नाही.

येसर म्हणजे काय? मेतकुटासारखंच ना?

चुलत बहीण म्हणा. गहू, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ खमंग भाजायच्या, त्यात धने, जिरे, मिरे, लवंग, सुंठ, हळद घालून दळायचं. प्रमाण घरोघरी वेगळं आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं. लसणाच्या फोडणीत काळा मसाला, पाणी, आणि दोन चमचे येसर कालवून उकळलं की आमटी तयार. घरात भाजी नाही, डाळ शिजवायला वेळ नाही, पाहुणा दारात, अशा वेळी याच्याइतकं कामाला येणारं दुसरं काही नाही. सगळं भाजलेलं असल्याने चार-सहा महिने टिकतं.

ज्वारीचं पीठ एकदम महिन्याचं दळून ठेवलं तर?

नको. ज्वारी आठ-दहा दिवसांची, बाजरी चार-पाच दिवसांची दळा. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते आणि चवही जाते. धपाट्याची किंवा थालिपिठाची भाजणी भाजलेली असते, ती दोन महिने ठेवायला हरकत नाही.

वर्षाची ज्वारी किती भरायची?

चौघांना रोज ८ भाकरी धरा. त्याला साधारण पाऊण किलो पीठ, म्हणजे वर्षाला पावणेतीन क्विंटल. पोळी आणि भात किती होतो ते बघून त्यातून वजा करा. जात कुठलीही घ्या: मालदांडी, परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, जालन्याची दगडी. फक्त रब्बीची घ्या. खरिपाची ज्वारी पावसात सापडली तर काळी पडते आणि साठवणीत लवकर बिघडते.

कडक उन्हात दोन दिवस पातळ पसरा आणि दाणा दाताखाली धरून बघा. कट्कन तुटला तर वाळली, दबला तर अजून ऊन द्या. संध्याकाळी लगेच पोत्यात भरू नका. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या, सकाळी भरा. हा धडा मी कुरडयांवर शिकले. पहिल्या वर्षी हौसेने उन्हातून आणलेल्या गरमागरम कुरडया तशाच डब्यात भरल्या आणि घट्ट झाकण लावलं. आत वाफ धरली. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर झाकणाच्या आतून पाण्याचे ओघळ गंजलेले आणि वरच्या थरावर हिरवी बुरशी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, डबा फक्त उकिरड्यावर नेऊन ठेवला.

कोठी भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला. थराथरात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला टाका. बिब्बेही टाकतात, पण निवडताना हाताला तेल लागलं तर फोड येतात, म्हणून मी सोडून दिले. आणि नवी ज्वारी जुन्या पोत्यात भरायची असेल तर पोतं आधी उकळत्या पाण्यातून काढून वाळवा. सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, पोत्याच्या शिवणीत बसलेले असतात.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात वापरू का?

अजिबात नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो. तो माणसाला मारतो. ज्या घरात माणसं झोपतात तिथे ही गोळी आणायचीच नाही, ओळखीच्या दुकानदाराने दिली तरी. धान्याला सोंडे लागलेच तर परत ऊन द्या, चाळा, पाला बदला.

गावाकडे जुनं पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) आहे. परत वापरात आणावं का?

कोरड्या, पांढऱ्या मातीतलं असेल आणि भिंतींना ओल नसेल तर धान्य आत चांगलं राहतं. पण उघडल्याबरोबर कुणालाही आत उतरू देऊ नका. धान्याच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपलेला असतो आणि जड वायू तळाशी बसतो. जुनी माणसं आधी कंदील सोडायची. मी म्हणते, दिवसभर उघडं ठेवूनही खात्री नसेल तर उतरूच नका. दोन पोत्यांसाठी जीव घालवायचा नाही.

तूर अख्खी ठेवावी की डाळ करून?

डाळ करून. भुंगा शेतातूनच अंडी घेऊन येतो आणि अख्ख्या दाण्यात वाढतो, डाळीला तो त्रास फार कमी. तुरीला तेलाचा हात, मग पाण्याचा, रात्रभर झाकून, दोन-तीन दिवस ऊन, आणि भरडून आणायचं. लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची मिळाली तर वरणाला दुसरं काही घालावं लागत नाही. साठवताना किलोला अर्धा चमचा एरंडेल चोळा. शिजवण्याआधी गरम पाण्याने धुतलं की निघून जातं. चुरी आणि सालपट गाईला.

हरभऱ्याची वाळलेली भाजी उन्हाळ्यात करता येते का?

उन्हाळ्यात नाही, तिचा हंगाम गेला. फुलं लागायच्या आधी, मार्गशीर्षाच्या आसपास कोवळे शेंडे खुडायचे आणि सावलीत वाळवायचे. धुवायचे नाहीत, पानांवरची आंब जाते आणि तीच तर चव आहे. शिजवायच्या वेळी धुवा.

कारळ आणि जवसाची चटणी किती दिवस?

महिनाभर. तेलबिया आहेत, कुटल्या की वास लागतोच. बिया वर्षभर ठेवा, चटणी थोडी थोडी करा.

फ्लॅटमध्ये राहतो, गच्चीला कुलूप असतं. काय जमेल?

गॅलरीत चार तास ऊन येत असेल तर सांडगे आणि खारोड्या जमतात. पापडाला पंखा पुरतो. कुरडईच्या नादी लागू नका, मे महिन्यात गावी या आणि घेऊन जा. रिकाम्या हाताने येऊ नका, एक दिवस चाटू फिरवावा लागेल.

थोडी बुरशी दिसली, तेवढा भाग काढून बाकी उन्हात टाकला तर?

टाकून द्या. शेंगदाणे, मका, मिरची यांच्यावरच्या काही बुरशांचं विष ऊन दिल्याने किंवा तळल्याने जात नाही. जनावरांनाही घालू नका.

विकायचं असेल तर?

घरगुती असलं तरी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि पाकिटावर वजन, घटक, केल्याची तारीख लिहावी लागते. पहिल्या वर्षी एकच पदार्थ विका. आणि दर ठरवताना आपली मजुरी धरा, बहुतेक बायका नेमकं हेच विसरतात.

डब्याच्या तळाशी चुरा उरतो, त्याचं काय करू?

कुरडईचा चुरा कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून निथळा. तेलात मोहरी, जिरे, भरपूर कांदा, लसूण, तिखट परता, चुरा टाका, मीठ बेताने, कारण आधीचं असतं. झाकण ठेवून एक वाफ, वर कोथिंबीर. गरम भाकरीबरोबर खा. शेवयांच्या चुऱ्याची खीर करा. पापडाचा चुरा भाजून, कच्चा कांदा आणि तेल-तिखट घालून खिचडीवर टाका.